पंधरा नकलांचा पाडाव

स्वस्ति. पार्सले पोहोचविणाऱ्या कंपनीचे कचेरीत, तिसरे मजल्यावर, खिडकीलगतचे मेजावर जे युद्ध माजले आणि साच्यास साचा देऊन जे जिंकिले, ते वर्तमान यथास्थित लिहितो. ऐकणाराने चहा संपवोन सावध बसावे.

प्रोग्राम लिहिणारी एक बाई, तीस सारी कचेरी माई म्हणे. तिचे पदरी पंधरा नकला होत्या. कारण ऐसे की, माल पाच जातींचा, तो ठेवावयाची भांडी तीन जातींची, आणि माल घेऊन त्याच जातीचे भांड्यात त्याच्या चिठ्ठ्या परत द्याव्या, हे काम एकच. तरी दर जोडीस निराळे फंक्शन, म्हणजे ते काम करणारा प्रोग्रामाचा तुकडा, अण्णासाहेबांनी पूर्वी खुद्द आपले हस्ते नकलोन ठेविले. अण्णासाहेब म्हणजे वीस वर्षांचे बुजुर्ग, कचेरीचा खांब. मग एक चूक निघाली, ती चौदा नकलांत दुरुस्त जाहली आणि पंधरावीत राहिली, आणि घरपोच जाहलेली पार्सले गहाळ दिसोन गिऱ्हाइकांनी फोनवर आकांत मांडिला. मोठ्या साहेबांचा हुकूम सुटला की, पंधराही नकला ओळ न ओळ ताडून पाहिल्याखेरीज कोणी उंबरा ओलांडू नये.

अरे देवा! त्याच दिवशी पाच वाजता माईच्या लेकीचे शाळेत नाटक, आणि लेक झाड होणार. मागली दोन वर्षे माई पोहोचली नव्हती; यंदा पोरीने रुसायचेही सोडून दिले, याचेच माईस जास्त लागले. पोरीने स्वहस्ते लिहिलेली आमंत्रणाची चिठ्ठी मेजापुढे टाचणीने लाविली होती.

मग माईने हिय्या करोन साहेबांचे सभेत अर्ज गुदरिला की, टेम्पलेट म्हणजे साचा, त्यास मालाची जात देतात हे सर्वांस ठाऊक. परंतु भांड्याचा साचाच त्या साच्यास द्यावा, म्हणजे भांडे तेच राहील, माल बदलेल, आणि पंधरांचे एक होईल. सभेत हशा पिकला.

अण्णासाहेब वदले, "अगं, ते पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातलं. आजवर कुणाच्या उपयोगी पडलंय?"

साहेबांनी चार वाजेपर्यंत मोहलत फर्माविली, आणि न साधल्यास पुनश्च नकला ताडणे, ऐसे बजाविले.

माईने लिहिले आणि कंपायलराकडे रवाना केले. कंपायलर म्हणजे चुका धरणारा दरवान, मोठा खट. त्याने तीनशे बारा ओळींचे शिव्याशाप परत धाडिले. घड्याळात पावणेचार. अण्णासाहेब मागून म्हणाले, "सांगितलं नव्हतं?" माईचे डोळे भरोन आले, मग तिने नाक पुसोन, लोक शेवटली ओळ वाचितात ती सोडोन, पहिली वाचिली. तो दिसले की, वेक्टर नामे भांडे एकटे कधी येतच नाही. जागेची तजवीज पाहणारा ॲलोकेटर नामे हुजऱ्या मागे गुपचूप उभा असतो, आणि माईने साच्याचे दारावर एकाचेच नाव लिहिले होते.

आता करावे काय? नजर चिठ्ठीवर गेली. "आईने यावे. बरोबर जे कोणी असतील त्यांनाही आणावे." माईने दारावर तीन टिंबे घातली, ज्यांचा अर्थ हाच की, बरोबरचे सारे आत यावे, आणि दरवानाने दार उघडिले. पंधराही जोड्या सुखरूप आत गेल्या.

नकला खोडण्याचा मान अण्णासाहेबांस दिधला. त्यांनी पहिली नकल खोडिली, चष्मा पुसला, बाकीच्या चौदा खोडिल्या, आणि म्हणाले, "गाडी खाली आहे. बस मागे, उशीर होईल."

तिसऱ्या रांगेत माई बसली, आणि शेजारी, चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीच्या हक्काने, अण्णासाहेब. झाडाने तिळभर हलू नये ऐसा शिक्षिकेचा सक्त हुकूम असता, आईस देखताच झाडाने दोन्ही फांद्या जोराने हलविल्या, आणि शेजारच्या राजपुत्राचा मुकुट खाली आला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पंधरा नकला पडल्या, मुकुट एक पडला, आई पोहोचली. नोंद केली असे.