साळवेदादांना निरंक चालत नाही

आमच्या ऑफिसात 'निरंक' शब्दाला बंदी आहे. शासनाची नाही, साळवेदादांची.

साळवेदादा पोलिसांत हवालदार. जिल्ह्यातल्या नशेच्या मालाची माहिती सगळ्या खात्यांकडून गोळा करायची आणि ज्याच्या कामाची त्याला कळवायची, हे त्यांचं काम. मी समोरच्या टेबलावर टायपिंग करते. दर महिन्याला वनखातं, औषध निरीक्षक, दारूबंदीवाले अहवाल पाठवतात. बहुतेकांत एकच शब्द: निरंक. म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. पूर्वी तो कागद मुकाट्याने फायलीला लागायचा आणि सगळे सुखात होते.

आता दादा लगेच फोन लावतात. "साहेब, निरंक पोचलं. पन बघितलं काय काय, ते सांगा की." वनखात्याच्या साहेबांना तर भंडारदऱ्याच्या डोंगरात कुठल्या वाटेनं फिरलात, इथपर्यंत विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या महिन्यात श्रीगोंद्याहून औषध निरीक्षकांचं निरंक आलं. दादांनी अर्धा तास पिच्छा पुरवला, तेव्हा साहेब वैतागून म्हणाले, "एका मेडिकलात खोकल्याचं औषध जरा जास्त खपतंय. त्यात काय कळवायचं?" दादांनी शेजारच्या ठाण्यांत फोन लावले, त्यात मिरजगावकडचा एक पोलीस बोलला. तिथल्या ओढ्यात त्याच औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडला होता. त्यानंही किरकोळ म्हणून कळवलं नव्हतं. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि मेडिकलला टाळं लागलं.

"कुठं शिकलात हो हे?" मी विचारलं.

"घरात," दादा म्हणाले. "आमचा धाकटा भाऊ डॅनियल नशेच्या गोळ्या खायचा. तो जेवत न्हाई, हे आईला ठावं हुतं. मैतर बदलले, हे बहिनीला. कामावरनं काढलाय, हे मला. अन् फोनवर आमी तिघं एकमेकांना काय सांगायचो? सगळं ठीक हाय. शेवटी तो दवाखान्यात बेशुद्ध पडला, तवा तिघांनी तोंड उघडलं."

डॅनियल वाचला. आता गोळ्या सोडून राहुरीला एकटा राहतो, नोकरी करतो. रोज संध्याकाळी पाचला दादा फोन करतात तो त्यालाच, हे मला त्या दिवशी कळलं.

बोलता बोलता पाच वाजले. दादांनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. साहेबलोकांना न घाबरणारा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला. मलाही टायपिंग सुचेना.

तिसऱ्यांदा उचलला.

"ठीक हाय म्हनू नको," दादा एकदम म्हणाले. "दुपारी काय जेवला, ते सांग." ऐकता ऐकता त्यांनी डोळे पुसले आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "मेथीची भाजी अन् भाकरी."

"किती भाकरी?" मी विचारलं.

दादांनी फोनवर विचारून घेतलं आणि मला दोन बोटं दाखवली.