इंग्रजी गाऱ्हाणं

"इंग्लिशीत होया? इंग्लिशीत दितंय! तीस वर्सां सातेरीक गाऱ्हाणा घालतंय मी. जा देवी ऐकता, ता कंपनी ऐकूची नाय?"

पंचायतीच्या पायरीवर उभं राहून धाकू गावकरानं हे जाहीर केलं, तेव्हा आंबेखण गावातली निम्मी माणसं तिथं होती. उरलेल्या निम्म्यांना ते दोन मिनिटांत फोनवर पाहायला मिळालं.

धाकूला एवढं तापायला कारण होतं. गोव्यात पेडण्याच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत हे गाव. गावाच्या डोक्यावर कातळाचा सडा, सड्याच्या पोटात झर, आणि झर बाहेर पडते तिथून खाली धाकूचं कुळागर. सुपारी, केळी, मिरवेलींचे चार वेटोळे. झर आहे तोवर धाकू बागायतदार. झर आटली की धाकू म्हणजे वाळक्या पोफळींचा राखणदार. आता त्या सड्यावर बाहेरची एक कंपनी चाळीस बंगले बांधणार होती, आणि दर बंगल्यापुढं पोहायचं एक तळं! गावाला मे महिन्यात टँकर लागायचा. पण टँकरचं पाणी पिण्यासाठी असतं, त्यात पोहायची सोय नसते. तेव्हा तळ्यांसाठी कंपनी सड्याला भोकं पाडून झरीचं पाणी वर ओढून घेणार होती.

सुनावणीची नोटीस गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. अकरा पानं, इंग्रजी. बेचाळीस जणांनी हात जोडले, सात जणांनी अंगठा दाखवला, एकानं घाईत केक पाठवला. नोटीस कुणी वाचली नाही. पण पोचली सगळ्यांना!

"हरकती इंग्लिशीतच देवच्यो," सरपंच गोकुळदास म्हणाला. "मराठीत दिलंस तर वयर कोण वाचतलो, धाकूबाब? थंय सगळे शिकल्ले."

त्यावरच धाकूची ती पायरीवरची घोषणा झाली होती.

घरी त्यानं सुनेला हाक मारली. ऋतिका डिचोलीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, तुयेच्या वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला. तिनं नोटीस घडघड वाचून दाखवली, एकदाही न अडखळता. धाकू ऐकतच राहिला.

"म्हणजे काय गो ता?"

"काय ठावक नाय, बाबा. ह्या कायद्याचा इंग्लिश. आमका तसला शिकवूक नाय."

"मगे वाचलंस कशा?"

"वाचूक येता. समजूक येता असा खंय म्हटलंय?"

धाकूची बायको पद्मावती चुलीपाशी चवळी निवडत होती. ती मान वर न करताच म्हणाली, "मामंजींचो कागद असोच पोर्तुगीज होतो. ते सांगी, पाकले पोर्तुगालाक गेले म्हणजे आपल्या भाशेत कागद येतले. वाट बघून बघून तेच गेले!"

हे मात्र खरं होतं. कुळागराचा जुना कागद पोर्तुगीज, नवा इंग्रजी. गावकरांच्या तीन पिढ्यांनी आपली जमीन कुठून कुठवर आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तीनही पिढ्यांनी ऐकताना मान हलवली होती. धाकू मराठी सातवी पास. हरदास अडला तर त्याला शब्द पुरवणारा माणूस. पण या कागदापुढं तो आणि त्याचा बैल यांच्यात फरक एवढाच, की बैल मान हलवत नाही.

"काळजी नको, बाबा," ऋतिका म्हणाली. "तुमी फोनाक सांगा. तो सगळा करता."

धाकूनं फोनला सांगितलं. उभं राहून, हात जोडून सांगितलं. झर कुणी बांधून काढली, शिगम्याआधी तिच्यावर नारळ कोण ठेवतं, दुष्काळात पलीकडचा गाव कुठून पाणी न्यायचा, सगळं! फोननं ते गिळलं आणि तीन सेकंदांत त्याचं इंग्रजी केलं. इतकं झटपट तर पद्मावती त्याच्या बोलण्याचं भांडण करत नसे. मग ऋतिकेनं आणखी एक बटण दाबलं, आणि तेच इंग्रजी देवनागरी अक्षरांत उतरलं.

धाकूनं चष्मा लावला. "रिस्पेक्टेड सर, वी द रेसिडेंट्स ऑफ आंबेखण..." आणि तो हर्षानं ओरडला, "अगो, माका इंग्लिश येता!"

ऋतिकेनं ती हरकत ग्रुपवर टाकून ठेवली. पुढचे आठ दिवस धाकू रोज सकाळी ग्रुप उघडून ती पोफळींना वाचून दाखवायचा. तिसऱ्या दिवशी चाल बसली. पाचव्या दिवशी शेजारची सिद्धी कुंपणावरून म्हणाली, "धाकूमामा, तुमी एकदम टीव्हीवरचे साहेब वाटतात!" सातव्या दिवसापासून तो पद्मावतीला 'थँक्यू' म्हणू लागला, तेव्हा तिनं त्याचा चहा बंद केला.

एके दिवशी त्यानं शंका काढली. "ऋतिका, ह्यात 'झर' खंय आसा गो?"

"आसतली खंय तरी. फोन चुकना, बाबा. तो रोज आपणच सुदारता, अपडेट जाता."

सुनावणी ठरली सातेरीच्या सभामंडपात, कारण पंचायतीचं सभागृह गळत होतं. वर देवी, खाली पंखे, मधे पडदा. कंपनीकडून कोमल नावाची एक गोड मुलगी आली होती. तिनं येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार केला, पाण्याची बाटली दिली, आणि समोर एका तिकाटण्यावर आपला फोन लावला. तो म्हणे बोललेलं सगळं स्वतःच टिपून घेतो, कोण हो म्हणालं, कोण नाही म्हणालं, सगळं!

"कारकुनाची गरजच नाय," गोकुळदास अभिमानानं म्हणाला. फोन त्याचाच असल्यासारखा.

ऋतिकेची त्या दिवशी कारखान्यात सकाळची पाळी होती. जाताना तिनं बजावलं होतं, "ग्रुप उघडा, बाबा. आपलो कागद मी परत टाकलंय, सगळ्यात खाली आसा. तोच वाचा."

सकाळी तो खरंच सगळ्यात खाली होता. पण कोमल कामाला चोख होती. गावाच्या संमतीचा मसुदा गावाला वाचता यावा, म्हणून तिनंही आपल्या फोनकडून तो देवनागरीत करून घेतला आणि साडेनऊला ग्रुपवर टाकला. 'आपल्या भाषेत', असं वर लिहून. बेचाळीस जणांनी हात जोडले.

दहा वाजता धाकू उठला. नवं धोतर, कपाळाला गंध, हातात फोन. ग्रुप उघडला, सगळ्यात खालचा कागद उघडला, माईक तोंडापाशी धरला.

"रिस्पेक्टेड सर, वी द रेसिडेंट्स ऑफ आंबेखण..."

बरोबर! तीच सुरुवात! चौथ्या ओळीला त्याला जरा वेगळं लागलं. सरावातला एक खडबडीत शब्द गेला होता, त्या जागी एक गुळगुळीत शब्द आला होता. धाकू क्षणभर थबकला. मग त्याच्या ध्यानात आलं, हे अपडेट झालंय! रात्रीत फोननं इंग्रजी सुधारलंय! त्याला फोनचं कौतुक वाटलं.

आणि इथं एक गोष्ट घडली, जी कंपनीच्या कुठल्याच कागदात धरलेली नव्हती. धाकूनं मान वर केली, समोर देवी दिसली. तीस वर्षं त्या जागी गावाच्या वतीनं उभं राहून त्या गळ्यातून गाऱ्हाण्याची एकच चाल निघाली होती. ती आपोआप निघाली!

"...हिअरबाय वेलकम द प्रपोज्ड प्रोजेक्टऽऽ, म्हाराजा!"

आणि सभामंडपात बसलेली अडीचशे माणसं. त्या मंडपात, त्या चालीवर, त्या 'म्हाराजा'नंतर काय म्हणायचं हे त्यांना आईच्या मांडीवर बसल्यापासून ठाऊक होतं.

"व्हय म्हाराजा!!"

पंख्यावरची धूळ खाली आली. कोमलनं दचकून वर पाहिलं.

"अँड ग्रँट द यूज ऑफ ऑल वॉटर सोर्सेसऽऽ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

"फॉर अ पिरियड ऑफ नाइंटी नाइन इयर्सऽऽ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

म्हाताऱ्यांनी हात जोडले होते. बायांनी पदर डोक्यावरून घेतले होते. गोकुळदास सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. सरपंच असल्यामुळं त्याला कळत नाही असं दिसून चाललं नसतं. सिद्धी तर रडत होती. आपला गाव इतका एक झालेला तिनं कधी पाहिलाच नव्हता!

मग आली शेवटची ओळ. तिच्यातले दोन शब्द धाकूला चक्क समजले. 'नो' म्हणजे नाही. 'ऑब्जेक्शन' म्हणजे हरकत, आठ दिवस तोच शब्द घरात फिरत होता. दोन्ही एका जागी पाहून त्याला स्फुरण चढलं. एनओसी म्हणजे काय, हे आंबेखणात कोंबड्यांनाही ठाऊक होतं. त्या तीन अक्षरांच्या पोटात काय असतं, ते उघडून मात्र कुणी पाहिलं नव्हतं. धाकूनं मूठ उगारली.

"वी हॅव नो! ऑब्जेक्शन! म्हाराजा!!"

"व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!! व्हय म्हाराजा!!!"

टाळ्या थांबेनात. कोमल उठली, डोळे पुसले आणि धाकूच्या पाया पडली. "काका, इतका प्रतिसाद आम्हाला कुठल्याच गावात मिळाला नाही."

"कंपनी शरण इली रे, शरण इली!" मागून कुणीतरी ओरडलं. धाकूला खांद्यावर घेऊन झरीपर्यंत मिरवणूक निघाली. झरीवर नारळ फुटला.

ऋतिका संध्याकाळी घरी आली ती सरळ ओट्यावर बसली. चपला पायातच. बसमध्ये तिनं व्हिडिओ पाहिला होता.

"कसा वाचलंय?" धाकूनं विचारलं.

"सुंदर वाचलात, बाबा." तिनं ग्रुप उघडून फोन त्याच्यापुढं धरला. "पण तो आपलो कागद नाय. तो तेंचो. तुमी झर दिलात."

धाकू हसला. मग हसायचा थांबला. "नाय म्हटलंय मी. आयकलंस ना? मोठ्यान नाय म्हटलंय!"

"'आमची हरकत नाय' असा म्हटलात, बाबा."

आठ दिवस ज्या माणसानं पोफळीपोफळीला आपला नकार वाचून दाखवला होता, त्याला आपला नकार आणि दुसऱ्याचा होकार वेगळा ओळखता आला नव्हता. दोन्ही सारखेच सुंदर होते. दोन्ही तेवढेच कळत होते.

दुसऱ्या दिवशी धाकू आणि ऋतिका तालुक्याच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या शालिनीबाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, मराठीतच ऐकलं, हळहळल्यासुद्धा.

"माका इंग्लिश येना, बाय," धाकू म्हणाला. "मी काय वाचलंय ता माकाच कळाक नाय."

बाईंनी आपल्या फोनवर व्हिडिओ लावला. कचेरीभर आवाज घुमला, 'फॉर अ पिरियड ऑफ नाइंटी नाइन इयर्सऽऽ!'

"येना कसा, काका? आमच्या साहेबांपरस बरा येता!"

"ता फोनाचा इंग्लिश, बाय. माझा न्हय."

"मगे तसा प्रतिज्ञापत्र करूक जाय. तुमका इंग्लिश येना म्हणान."

"करतंय. आत्ता लिवन दितंय." धाकूनं खिशातून पेन काढलं.

"मराठीत चलना. पोर्टल घेना. इंग्लिशीत जाय."

ऋतिकेनं पुढं होऊन पोर्टल उघडलं आणि फोनला सांगितलं. तीन सेकंदांत कागद तयार झाला. तिनं वाचला आणि या खेपेला तिला तो कळला, कारण तो दोनच ओळींचा होता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, मला इंग्रजी समजत नाही. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो मला पूर्णपणे समजला आहे.

"दुसरी वळ काडूक येयत?" तिनं विचारलं.

"ती छापीलच येता गो. ती काडली तर अर्ज पुढं सरना."

धाकूनं दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग पेन उघडलं, आणि सहीसाठी जागा शोधू लागला. अक्षर वळणदार होतं त्याचं; सातवीत बक्षीस मिळालं होतं.

"सही नाका, काका," शालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक छोटं काळं यंत्र पुढं सरकवलं. त्यात लाल दिवा लुकलुकत होता. "हांगा सगळ्यांचो आंगठोच घेतात."