रोही जरा बाजूला घ्या

किसनरावांचा एक ठाम दावा होता. माणसाला त्याची चूक अशी सांगावी, की त्यानं वरून आपल्याला चहा पाजावा! सारा जन्म बैलबाजारात गेलेला. बैलाची खोड सांगायची तर आधी शिंगांची तारीफ करावी, मग मालकाच्या खांद्यावर हात ठेवावा आणि हळूच म्हणावं, "मागचा डावा पाय जरासा पाहून घेजा."

त्यामुळे हिंगणीच्या शाळेतले प्रभाकरराव मास्तर गेल्या तीन वर्षांत काढलेले जंगलातल्या जनावरांचे आठ फोटो घेऊन आले, तेव्हा किसनराव अगदी निर्धास्त होते. पौषातली दुपार होती. अंगणात कोमट दुधासारखं ऊन पसरलं होतं. घर गप्प होतं. त्यांची बायको जयवंता देवाघरी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हापासून ते गप्पच होतं.

"वर्ध्याला प्रदर्शन आहे," मास्तर म्हणाले. "एकच फोटो पाठवायचा. जंगल तुम्हाला कळतं. स्पष्ट बोला, मी लगेच सुधारणा करतो."

किसनरावांनी पहिला फोटो उन्हात धरला. "सांभराची शेपटी झकास आली! आता तोंड बी आलं असतं, तं काय मजा होती!"

मास्तरांनी वहीत लिहिलं: तोंड.

"आणि हे अस्वल! दोन तास बसलो त्याच्यासमोर. जागचं हललं नाही!"

"बैठक चांगली हाय त्याची. पण मास्तर, तो गोटा हाय. माह्या आजाच्या टायमापासून तिथंच हाय."

मास्तरांनी लिहिलं: गोटा.

सहाव्या फोटोवर किसनरावांचा हात थांबला. तुरीच्या शेतात घोड्याएवढा रोही, नीलगाईचा दांडगा नर, शेंगा खात उभा होता. आणि मागे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, अंगठ्याच्या नखाएवढी, जयवंता! हात वर, तोंड उघडं.

तिचा एकही फोटो घरात नव्हता. अलीकडे तिचा चेहरा विहिरीतल्या सावलीसारखा झाला होता. पाहायला वाकलं की हलायचा. आता ती उन्हात नीट उभी होती. वाळल्या शेंगांचा खुळखुळाट ऐकू येतो आहे, असं किसनरावांना वाटलं.

"हा कसा वाटतो?" मास्तरांनी विचारलं.

आता काय सांगावं? बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही गावची रीत. तिचा फोटो परक्या माणसाकडे मागायचा, तो कसा? किसनरावांनी बाजारातली जुनी युक्ती काढली. जे पाहिजे, त्यालाच नावं ठेवावी!

"एकदम बेकार! फेकून द्या. इथंच फेका. पुढचं मी पाहून घेतो."

मास्तरांचं तोंड उतरलं. मग एकदम उजळलं. "समजलं! कोपऱ्यात ही बाई आली आहे ना? तिच्यामुळे सगळा घोटाळा!" त्यांनी पिशवीतून कात्री काढली.

"थांबा!" किसनराव असे ओरडले की आढ्यावरचा कावळा उडाला. "बाई नोका कापू! बाई चांगली हाय!"

"मग काय कापू?"

"रोही कापा!"

"अहो, प्रदर्शन जंगली जनावरांचं आहे!"

"तं रोही जरासा बाजूले घ्या!"

कात्री तशीच उघडी होती. किसनरावांनी पलटी खाल्ली. "म्या चुकलो, मास्तर! हा तं सोन्यासारखा फोटो हाय! याले कात्री लावान तं पाप लागन!"

मास्तरांचे डोळे भरून आले. "खरं सांगता? मग हाच पाठवतो. आत्ताच्या मोटारीनं!" त्यांनी फोटो पाकिटात घातला, डिंक लावला आणि ते निघालेसुद्धा.

किसनरावांना एवढंच दिसलं: जयवंता दुसऱ्यांदा घरातून चालली होती. ते अनवाणी धावले आणि फाटकात त्यांनी पाकिटाचं दुसरं टोक धरलं.

"किसनराव, सोडा! झालं काय तुम्हाला?"

"ते... ते आमच्या घरची हाय!"

"रोही?"

"बाई!"

मास्तर मटकन ओट्यावर बसले.

"अहो, आधी सांगायचं," मास्तर म्हणाले. "निगेटिव्ह माझ्याकडे आहे. म्हणाल तितक्या प्रती निघतात."

किसनरावांना वाटत होतं, फोटो माणसासारखाच असतो. एक गेला की गेला. "म्हंजे, हे पुन्हा येऊ शकते?"

"कितीदाही."

महिन्याभरानं मास्तर सुपाएवढा फोटो काचेत घालून घेऊन आले. किसनरावांनी तो दारातल्या उजेडात धरला. जयवंता आता बोटभर दिसत होती. कुंकू दिसत होतं. वर धरलेल्या हातातलं ढेकूळ दिसत होतं. पण नजर? नजर रोह्याकडे नव्हतीच! ती पाहत होती बाभळीच्या सावलीकडे. तिथं दोन तळपाय होते. सुखानं पसरलेले, गाढ झोपलेल्या राखणदाराचे.

किसनरावांनी आपले पाय हळूच धोतरात ओढून घेतले. "मास्तर, प्रदर्शनात हाच गेलता काय?"

"हाच! परीक्षकांचं मतही आलं आहे. रोही हलला, म्हणाले. बाईसुद्धा जराशी हलली. फोटोत स्थिर म्हणावं असं काय ते पायच!"