परक्या हाताचे टाके

"बघ, बघ!" टेलर मास्तर टीव्हीसमोर ओरडले. "आत जाताना इन्स्पेक्टरच्या बाह्या दुमडलेल्या, बाहेर येताना बटणं लावलेली. मध्येच इस्त्रीवाल्याकडे जाऊन आला की काय?"

लेक खिदळली. पोलिसांची ही मालिका मास्तर खुनी शोधायला बघतच नसत. चूक सापडली की त्यांना जेवण गोड लागायचं. पूर्वी बायकोही हसायची. हल्ली मात्र त्यांनी चूक काढली की तिचं तोंड उतरायचं. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यातच एके दिवशी ती बहिणीकडे म्हणून गेली आणि थोड्या वेळाने बहिणीचाच फोन आला, "भावोजी, ताई आहे का घरी?"

संध्याकाळी ती परतली तेव्हा कुर्त्याचा खांदा नव्याने शिवलेला होता. टाके हे एवढाले, दोरा भलत्याच रंगाचा. गळ्याशी तांबडा डाग.

"हे कोणी शिवलं?"

"फाटला होता. शिवला एकाने."

"एकाने?" मास्तरांनी चष्मा पुसून टाके पुन्हा पाहिले. तिचा एकूण एक कपडा त्यांच्या मशीनवर शिवलेला, आणि आता परका माणूस तिला टाके घालणार? "आणि हे रक्त?"

"चाटून बघा."

गोड होतं. त्याने तर संशय आणखीच वाढला.

"थोडे दिवस थांबा, कळेल," म्हणून ती आत गेली. मास्तरांची झोप उडाली. विचारांच्या नादात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटला कॉलर लावली.

पुढे मालिकेच्या एका भागात खून झाला. नाल्याकाठी एक बाई पालथी पडली होती. त्याही अवस्थेत मास्तर खुलले. "अरे, प्रेत श्वास घेतंय! कुठून पकडून आणतात असली माणसं?"

"घरून," बायको म्हणाली. "तुम्ही चुका काढाल म्हणून बोलले नाही. शूटिंगमध्ये पडताना कुर्ता फाटला, तिथल्या कपडेवाल्याने शिवला; रक्त साखरेच्या पाकाचं होतं. जन्मात पहिल्यांदा टीव्हीवर आले, आणि तुम्ही मला ओळखलंसुद्धा नाही." तिचे डोळे भरून आले.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण बाबा," लेक पडद्याजवळ सरकली, "पाठ खरंच हलतेय हो."

"गप्प बस!" मास्तर तिच्यावर डाफरले. "मेल्यावर थोडा वेळ हलतंच माणूस!"