टाळी लागली का?

आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा कुठेही गेले की आधी एक टाळी वाजवतात. देवाला नव्हे, डासाला नव्हे. हात छातीसमोर धरून एकच कोरडी टाळी, आणि मग कामाला सुरुवात. माझ्याकडे कॉफी प्यायला आले की टाळी. डॉक्टरांसमोर खुर्चीत बसले की टाळी. एकदा बँकेत वाजवली तर दारावरचा पहारेकरी आत धावला.

"हे काय खूळ काढलंय?" मी एकदा विचारलं.

"टाळी नसली की पुढचं कशाला जुळवायचं ते कळत नाही, अक्का," ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. चौथीपर्यंत शिकलेली मी, जे समजत नाही ते सोडून देते. कॉफी दिली.

अण्णा यशवंतपूरला एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करत. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस बायकोला छळणार. पण त्यांनी कमलाला, बायकोला, कामालाच लावलं. इकडं कानडी मुलखात राहिलेल्या आपल्या मराठी लोकांतल्या म्हाताऱ्या बायका शोधायच्या, त्यांची गाणी, त्यांचा स्वयंपाक टिपून ठेवायचा आणि सगळ्यांना बघता यावं म्हणून नेटवर घालायचा. कॅमेऱ्यात चित्र धरायचं, आवाज वेगळ्या छोट्या यंत्रात धरायचा, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर दोन्ही एकत्र शिवायचं. अण्णा आणि कमला रिक्षातून जे. पी. नगरभर हिंडत. अण्णांच्या मांडीवर कॅमेरा, कमलाच्या मांडीवर तो उभा करायचं तिकाटणं.

कमला माझी मैत्रीण. संध्याकाळी खाली येऊन बातमी द्यायची, "आज तीन म्हाताऱ्यांना घाम आणला." आवाज स्वच्छ यावा म्हणून अण्णा पंखा बंद करत, कुकर बंद करायला लावत, खाली सोप्पुवाला पालेभाजी घेऊन ओरडत असेल तर त्याला "स्वल्प थांब" म्हणायला कमलाला पिटाळत. पंख्यापायीच मी कधी त्यांचं काम बघायला गेले नाही. कमला किती वेळा म्हणाली, "तुझ्या सासूबाईंचं हळदीचं गाणं देऊन टाक. तुझ्यामागे कुणाला येतंय?" मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. पंखा बंद ठेवून कोण गाणार.

हे सगळं शिवणकाम अण्णा जी प्रोग्रामं वापरून करत, ती कुणालाही घेता येतात, दाम नाही. मी म्हटलं, "फुकटचं आहे म्हणून सतत बिघडतं."

"फुकटचं म्हणून नाही घेत, अक्का. उघडं असतं म्हणून घेतो. ज्याचं पोट उघडून बघता येत नाही ते यंत्र मी घरात आणत नाही."

खरं आहे. त्यांच्या घरचा मिक्सर, रेडिओ, इस्त्री, सगळ्यांची पोटं उघडी. इस्त्रीचं पोट पुन्हा बंद झालंच नाही. कमला शेवटपर्यंत साड्या गादीखाली दाबून नेसली.

काही बिघडलं की त्यांचा एकच प्रश्न. "काल चालत होतं ना? मग काल आणि आज यांच्यात काय बदललं?" माझी शेगडी पेटेना तेव्हा हाच. माझा गुडघा धरला तेव्हाही हाच. मी सांगितलं, "काल आणि आज यांच्यात मी एक दिवसानं म्हातारी झाले." त्यांनी मान डोलावली आणि ते वहीत लिहून घेतलं.

प्रोग्राम अडलं की पडद्यावर तांबडी अक्षरं येतात. बाकीचे लोक ती बघून घाबरतात, अण्णा ती पोथीसारखी बोट ठेवून वाचतात. नाहीच उलगडलं तर नेटवर परक्या देशांतल्या लोकांना विचारतात. तिथे असेच हजारो अण्णा बसलेले असतात म्हणे. कुणी उत्तर दिलं नाही, तर हे दोन दिवस खपून स्वतः शोधतात आणि आपल्याच प्रश्नाखाली आपलंच उत्तर लिहितात. "पुढं कुणाला तरी उपयोग होईल." स्वतःला विचारायचं, स्वतःच सांगायचं. कमला गेल्यावर हे फार वाढलं.

कमलाला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून कॅमेरा कपाटात होता, अण्णा कॉम्प्युटरवर जुनंच शिवत बसायचे. या पावसाळ्यानंतर माझ्या नातीचं लग्न ठरलं. ती कोरमंगलात नोकरी करते. म्हणाली, आजी, ते हळदीचं गाणं मला आणि मैत्रिणींना पाठ करायचंय. मग मीच वर जाऊन अण्णांना म्हटलं, "काढा ते कपाटातलं."

त्यांनी पंखा बंद केला. मी पलंगावर बसले. अण्णा कॅमेऱ्यामागे उभे राहिले ते उभेच. डोळा लावून वाट बघितल्यासारखे.

"गाऊ का?"

 थोड्या वेळानं ते म्हणाले, "हं. गा."

मी गायले. अर्धं मराठी, अर्धं कानडी, सगळं आठवलं. घामानं पोलकं भिजलं.

तिसऱ्या दिवशी वर गेले तर अण्णांची दाढी वाढलेली. गाणं एकीकडे चाललंय, माझं तोंड दुसरीकडे. आवाज संपला तरी मी पडद्यावर तोंड हलवतेच आहे.

"ओठ बघून जुळवा की."

"बघितले. तुम्हाला दात नाहीत, अक्का. कुठला शब्द चाललाय ते ओठांवरून कळत नाही."

त्यांनी प्रोग्राम काढून पुन्हा घातलं होतं, नवं टाकून जुनं आणलं होतं. नेटवर विचारलं होतं. पाचव्या दिवशी स्वतः खाली आले. त्या दिवशी टाळी वाजवली नाही.

"मी आता हे बंद करतो," म्हणाले. "हात राहिला नाही. यंत्र देऊन टाकतो कुणाला तरी."

मला राग आला. माझं गाणं राहिलं म्हणून नव्हे. वरचा कॉम्प्युटर बंद झाला तर हा माणूस सकाळी उठून काय करणार, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "पूर्वी जुळत होतं ना? मग तेव्हा आणि आता यांच्यात काय बदललं?"

 अण्णा म्हणाले, "नेटवर उत्तर देणारा एक माणूसही तेच विचारतोय. सुरुवातीची टाळी कुठे आहे, म्हणतो."

"कसली टाळी?"

ते मला वर घेऊन गेले. कॅमेरा चालू झाला की समोर उभं राहून एक टाळी वाजवायची असते. चित्रात हात जिथे भिडतो आणि आवाजात जिथे फट् होतं, ते दोन्ही एकावर एक ठेवले की पुढचं सगळं आपोआप जुळतं. मग टाळीचा तुकडा कापून टाकतात. टाळी वाजवायचं काम कमलाचं होतं. बँकेत टाळी वाजवणारा माणूस, जिथे टाळी हवी होती तिथे कॅमेऱ्यामागे तिची वाट बघत उभा राहिला.

कापलेले तुकडे त्यांनी टाकले नव्हते. एका जागी ठेवले होते. शंभरावर असतील. एकामागून एक लावले. कमला निळ्या साडीत, टाळी. कमला पिठाच्या हातांनी, टाळी. कमला रुसलेली, तरी टाळी. दर वेळी ती विचारते, "लागली का हो?" आणि कॅमेऱ्यामागून अण्णांचा आवाज येतो, "लागली. आता बाजूला हो." ती बाजूला होते, आणि तुकडा संपतो.

आम्ही सगळे तुकडे बघितले.  मग मी म्हटलं, "पंखा बंद करा. परत गाते."

मी पलंगावर बसले, कॅमेरा चालू झाला, आणि हात छातीसमोर धरून मी एक टाळी वाजवली.

"लागली का हो?"

"लागली," अण्णा कॅमेऱ्यामागून म्हणाले. "आता बाजूला हो."

मी कुठे जाणार. गायचं मलाच होतं. अण्णांचे डोळे पुसून होईपर्यंत मी थांबले, घसा खाकरला, आणि गायला सुरुवात केली.