लोडावरची घोडेस्वारी

टाळेबंदीच्या काळात कळंबला आमचे चुलतबंधू सावळेराम यांच्या अंगणात घोडेस्वारीचं शिक्षण चालू होतं. शिक्षण ऑनलाइन होतं, घोडी समोर उभी होती, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध येऊ नये अशी शाळेची सक्त सूचना होती. मी पंचायत समितीतून निवृत्त झालेला कारकून. सूचना आली की पाळायची, अर्थ विचारायचा नाही, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. त्यामुळे मोबाईल धरण्याचं काम एकमताने माझ्याकडे आलं.

सावळेरामचा मुलगा भरत, सून मोहिनी आणि नात समृद्धी पुण्यातला फ्लॅट बंद करून गावी आले होते. समृद्धीच्या शाळेत घोडेस्वारी सक्तीची. आता घोडे अडकले शाळेत आणि मुलं घरात. पण म्हणून अभ्यासक्रम थोडाच थांबतो? सुदर्शन सरांनी पर्यायी व्यवस्था काढली. बैठकीतला लोड स्टुलावर बांधायचा, ओढणीचा लगाम करायचा, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला मास्क, आणि सर स्क्रीनवरून ‘ट्रॉट’ म्हणाले की वर-खाली व्हायचं.

या लोडाच्या बरोबर मागे सावळेरामची घोडी, पाखरी, घास खात उभी असायची. आमच्याकडे बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते. पाखरी त्यातली. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, आरोळी उठली की ही वाऱ्यावर, आणि बैल तिच्या मागं जीव खाऊन. शर्यतींवर बंदी आली आणि पाखरी सेवेत असूनही कामाविना झाली. तसा हा प्रकार मला नवीन नव्हता, आमच्या कार्यालयात निम्मे लोक असेच होते.

मोहिनीचं घरून काम चालायचं. तिची मीटिंग ऐन रंगात आली की पाखरी हटकून खिंकाळायची. साहेब विचारायचे, “कोणाला काही सुचवायचंय का?” शेवटी मोहिनीनं सासऱ्यांना सांगितलं, “आबा, समूच्या क्लासला हिचा उपयोग होणार असेल तर राहू दे. नाहीतर ओतूरच्या मामांकडे पाठवा.”

सावळेरामचा चेहरा पडला. समृद्धी तर घोडीच्या गळ्याला मिठी मारून बसली. क्लास सुटला की आजोबा नातीला गुपचूप पाखरीवर बसवायचे, आणि पोरगी बांधाबांधानं अशी जायची की मलासुद्धा बघत राहावंसं वाटायचं.

उपयोग सिद्ध करायचा म्हणून आम्ही घोडी फ्रेममध्ये उभी केली. सुदर्शन सर घाबरले.

“तो प्राणी हटवा! बाकीच्या मुलांचं लक्ष जातं.”

“सर, घोडीच हाय,” सावळेराम म्हणाला. “तुमचा इषय बी घोड्याचाच न्हवं का?”

“सगळ्यांकडे घोडा नाही, आजोबा. समानतेचं तत्त्व आहे. शिवाय खऱ्या घोड्यावर बसलं की मुलांच्या सवयी बिघडतात.”

समृद्धीच्या सवयी बिघडलेल्याच होत्या. लोडावर बसली की ती टाच मारायची, पुढं झुकायची, आणि लोड काही हलायचा नाही. तिला शेरा मिळू लागला: ‘घोड्याशी समन्वय नाही.’

वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा भरतनं परीक्षा पाखरीवर देण्याची शाळेकडे विशेष परवानगी मागितली. व्यवस्थापनाची बैठक झाली. परवानगी मिळाली, पण अटींसह: जबाबदारी पालकांची, आणि घोडा व स्वार परीक्षा संपेपर्यंत पूर्ण फ्रेममध्ये दिसले पाहिजेत.

परीक्षेच्या दिवशी सावळेरामनं पाखरीला न्हाऊमाखू घातलं, कपाळाला गुलाल लावला. समृद्धी वर बसली. मी मोबाईल धरला. स्क्रीनवर पस्तीस पोरं पस्तीस लोडांवर. सरांनी शिट्टी फुंकली. आता पुढं जे झालं ते आमच्या तालुक्याबाहेर कुठंही झालं नसतं. पोरगी घोडीवर, समोर मोकळं रान आणि वर शिट्टी! सावळेरामला राहवेना. टोपी हवेत उडवून त्यानं घाटातली आरोळी ठोकली, “भिर्रर्रर्र...”

पाखरी कित्येक वर्षं याच हुकमाची वाट बघत होती. माझी पापणी लवेपर्यंत ती कांद्याच्या वावरापलीकडे गेली होती. मोहिनी किंचाळली. भरत अनवाणी धावला. पण पोरगी मानेशी झुकून अशी चिकटली होती, की पाखरी रस्त्यापाशी आपसूक वळली आणि दोघी परत आल्या तेव्हा समृद्धीचं हेल्मेट जागच्या जागी होतं. ती हसत होती. “आबा, अजून एकदा!”

सावळेराम रडायलाच लागला. “रांडंच्या, काय बसलीय पोरगी! लई भारी!”

संध्याकाळी निकाल आला. ‘विद्यार्थिनी परीक्षेच्या वेळी अनुपस्थित.’

मी स्वतः सरांना फोन लावला. “अहो, ती घोड्यावर होती.”

“असेल. फ्रेममध्ये नव्हती. फ्रेममध्ये फक्त एक वृद्ध गृहस्थ नाचताना दिसले.”

विनंती-अर्ज झाले, फेरपरीक्षा मंजूर झाली. लोडावर. त्या आठवड्यात समृद्धी माझ्याजवळ येऊन बसली. “भिका आजोबा, पास झाले तर पाखरी राहील ना?” मी हो म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

फेरपरीक्षेत पोरगी लोडावर बसली ती ढिम्म. टाच नाही, झुकणं नाही. सर म्हणतील तेव्हा वर, म्हणतील तेव्हा खाली. डोळेसुद्धा स्क्रीनवरून हलले नाहीत. सर खूश झाले. वर्गात पहिली आली. ‘नैसर्गिक स्वार’ असं छापलेलं प्रमाणपत्र मोहिनीनं सगळ्या ग्रुपांवर टाकलं, अंगठ्यांचा पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला.

“आई, मी पास झाले ना!” समृद्धी ओरडली.

“म्हणूनच ना राजा. घोडेस्वारी पूर्ण झाली. आता घोडी कशाला?”

नियमानुसार मोहिनीचं चूक नव्हतं. नापास झाली असती तर घोडीचा उपयोग नव्हता. पास झाली, तर गरज नव्हती. अशी फाईल मी नोकरीत शेकडो वेळा पुढं सरकवली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली. टेम्पो ओतूरच्या रस्त्याला लागेपर्यंत पोरगी मागं पळत होती. सावळेराम त्या दिवशी जेवला नाही.

शाळेनं आता पोहणं सुरू केलंय. समृद्धी पलंगावर पालथी पडून हात मारते, आणि प्रगती उत्तम आहे. मळ्यातल्या विहिरीवर भरतनं लोखंडी जाळी बसवून घेतली. मुलगी पोहायला शिकतेय, चुकून पाण्यात जायला नको.

या वर्गाला मागणी फार आहे. मोबाईल माझ्याच हातात असल्यानं चौकशीचे फोन मीच घेतो. तुम्हीही केला होतात, तुमच्या धाकट्यासाठी. सध्या जागा नाही, पण तुमचं नाव लिहून घेतलंय. तोवर पलंग भिंतीपासून थोडा पुढं ओढून ठेवा.