ढकलण्याचा मान

"आजपासनं ह्या गाडीला कुणाचा बापबी धक्का मारणार न्हाई! ह्यो आप्पासोचा शब्द हाय!"

चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी, भर अकराच्या उन्हात, मारुतीच्या चढावर उभं राहून आप्पासोंनी हे जाहीर केलं आणि शब्दाला वजन यावं म्हणून ट्रकच्या मडगार्डवर मूठ आपटली. मडगार्डवरचा गुलाल उडाला आणि सरळ त्यांच्याच नाकात गेला. वाजंत्री थांबली. ट्रकवर बसलेल्या धोंडाईदेवीसकट सगळं चिंचधोंडी गाव पुढच्या वाक्याची वाट बघू लागलं. आप्पासो दोनदा शिंकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आता एवढ्या बारीला तेवढा हात लावा. देवळापातूर न्यायची हाय."

गावानं हात लावला. उजव्या मडगार्डला पंचांतले थोरले नाथाजी, डाव्याला तासगावहून आलेले चांदसाहेब फिटर, मागच्या फळीला भाऊसो, आणि गाडी मागं घरंगळू नये म्हणून पावलापावलाला चाकामागं धोंडा सरकवायला कोंडीबा. आप्पासो स्टिअरिंगवर बसून समोर बघत होते. बेचाळीस वर्षं ते समोरच बघत होते.

"ट्रॅक्टरनं वढायला दोरखंड लागलं तर सांगा, आप्पासो," फळीमागून भाऊसो ओरडले. "घरात पडूनच हाय. न्हाईतर असं करा, पुढल्या साली देवी माझ्या ट्रॅक्टरवर बसवा. कशी झ्याक जाईल!"

"पुढल्या साली बघू," नाथाजी म्हणाले.

चिंचधोंडीत 'बघू' म्हणजे बारा आणे 'हो'. आप्पासोंना त्या दिवशी पुरणपोळी गोड लागली नाही.

ट्रकही साधासुधा नव्हता. महायुद्ध आटोपल्यावर लष्करानं तो मोडीत काढला आणि आप्पासोंच्या वडिलांनी, जोतिबांनी, लिलावात उचलला. त्यानं द्राक्षं वाहिली, बेदाणा वाहिला, वऱ्हाडं वाहिली. सगळ्या तालुक्यात पेट्रोल पिणारा तो एकटाच ट्रक उरला होता आणि आता वर्षातून एकदाच, वेशीपासून देवळापर्यंत पालखी घेऊन जायचा. अंतर पाऊण मैल, वेळ अडीच तास. चढ लागला की ट्रकचं नाक वर व्हायचं, कार्बोरेटरात पेट्रोल तुंबायचं, गाडी तीनदा खोकायची आणि बरोबर चढावरच्या दगडी मारुतीच्या शेपटीसमोर निवांत व्हायची. आप्पासोंनी एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हरकी केली होती, पण ठरलेल्या जागी इतकी नेमानं थांबणारी गाडी त्यांनी तिथंही पाहिली नव्हती.

दिवाळीला मयूरी आली. ही त्यांची लेक. सांगलीला मोटारींचं इंजिनियरिंग शिकून पुण्यात नोकरीला लागलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "आप्पा, कार्बोरेटर काढूनच टाकू. फ्युएल इंजेक्शन बसवू."

"त्येनं काय हुईल?"

"कार्बोरेटर म्हणजे अंदाजानं काम. इंजेक्शनला एक छोटा कॉम्प्युटर असतो. इंजिन किती गरम आहे, हवा किती येतेय, सगळं मोजतो आणि तेवढंच पेट्रोल आत उडवतो. चढ असो नाहीतर उतार, तुंबायचा प्रश्नच नाही."

"म्हंजे कार्बोरेटर तुझ्या आयच्या मिठागत. अंदाजानं."

"आवं, चाळीस वर्षं त्योच अंदाज बोटं चाटून खाल्लासा की!" आतून गोदावरीबाईंचा आवाज आला.

मयूरी पुढं म्हणाली, "फक्त एक ध्यानात ठेवा. बॅटरी संपली तर ही गाडी ढकलून चालू होणार नाही. अजिबात नाही."

"आगं, ढकलायची गोष्टच काढू नगंस!"

साताऱ्याच्या एका भंगारवाल्याकडं एक परदेशी मोटार मिळाली. वाईला कुठल्याशा शूटिंगमध्ये ती कड्यावरून ढकलून दिली होती. म्हणजे तिच्याही नशिबी शेवटी ढकलणंच आलं होतं. पण तिचा कॉम्प्युटर, पंप आणि पेट्रोल उडवणारी नळकांडी शाबूत होती. मयूरी दर शनिवारी पुण्याहून यायची आणि रविवारी रात्रीची एसटी धरायची. मधल्या वेळात ट्रकच्या पोटातून तिची फक्त पावलं दिसायची.

कार्बोरेटर उतरवायचं काम चांदसाहेबांकडं आलं. त्या कार्बोरेटरची त्यांनी तीस वर्षं बडदास्त ठेवली होती. नुसत्या खोकण्यावरून त्याला काय झालंय ते सांगायचे.

"माझ्याच हातानं काढू म्हंता, आप्पासो?"

"मग कुणाच्या? तुमच्याशिवाय त्येला हात कुणी लावलाय?"

चांदसाहेबांनी चार नट सोडवले, कार्बोरेटर रुमालात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. "घरला नेतो. महेजबीन कायम म्हणायची, माझ्यापरीस त्या डबीपाशी जास्ती बसता. आता एकदा तोंड तरी बघू दे तिला सवतीचं."

गावात बातमी गेली, ती आप्पासोंनी ट्रकला इंजेक्शन दिलं अशी. कोंडीबा मुद्दाम विचारायला आले, "पुढल्या चाकाला दिलं का मागल्या?" भाऊसो पेपर घेऊनच आले. "दोन हजार साल लागलं की समदे कॉम्प्युटर मरणार हायती. हितं छापून आलंय."

"आता नव्व्याण्णव चाललंय," आप्पासो म्हणाले. "एक जत्रा हाय अजून त्येच्या नशिबात."

कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून मयूरीनं तो बेदाण्याच्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि डबा सीटखाली ठेवला. जुनी टाकी धुतली, तेव्हा तिच्यातून ओंजळभर गंज, एक विडीचं थोटूक आणि सन अठ्ठावन्न साली हरवलेलं जोतिबांचं चांदीचं बटण निघालं. मग चावी फिरवली. गाडी एका हाकेला उठली. जुन्या सवयीनं आप्पासोंनी चोकचा गोळा ओढला. त्याच्या मागं आता काहीच नव्हतं, तो सळईसकट हातात आला. गोळा हातात धरून ते तसेच बसून राहिले. इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं.

"बंद पड म्हणलं तर पडल का ही?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"पडायची नाही," मयूरी म्हणाली. पुढं सगळं बिनसलं ते या एका वाक्यानं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मात्र गाडी बसली. चावी फिरवावी तर पंप नाही, ठिणगी नाही, काही नाही. भाऊसो दिवसातून चार वेळा "सहज" म्हणून येऊन गेले. चांदसाहेबांनी दोन दिवस वायरी तपासल्या आणि शेवटी सीटखाली वाकले. तिथं वायरींची टोकं लोंबत होती. डबाच नव्हता.

"आवं, बेदाण्याचा डबा न्हवं त्यो?" गोदावरीबाई म्हणाल्या. "शिऱ्याला पायजे हुता म्हणून घरात आणला. उघडला तर आत बेदाणा न्हाईच, कसलं तरी यंत्र. म्हणलं असंल रेडिओ. ठिवलाय फळीवर, गुळाशेजारी."

कॉम्प्युटरवरच्या मुंग्या झटकून तो जागेवर बसवला आणि गाडी पुन्हा बोलू लागली. आप्पासोंनी डब्यावर खडूनं लिहिलं, 'ह्यात खायचं काही नाही.'

जत्रेचा दिवस उजाडला. ट्रकला झेंडूच्या माळा, टपावर दोन कर्णे आणि दिव्यांची रांग. कर्णेवाल्याची बॅटरी आयत्या वेळी उतरली, तेव्हा आप्पासोंनी छाती पुढं काढली. "माझ्या बॅटरीला लाव! नवीकोरी हाय!" मयूरीनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात सनई सुरू झाली.

वेशीतून मिरवणूक निघाली. मारुतीचा चढ दिसू लागला तशी मंडळी आपापल्या जागी सरकली. नाथाजींनी चपला काढल्या. चांदसाहेबांनी बाह्या सारल्या. भाऊसोंनी तळहातावर थुंकी लावून ते चोळले. कोंडीबांनी धोंडा आणला होता, धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून.

ट्रक मारुतीच्या शेपटीसमोर आला. आप्पासोंनी अ‍ॅक्सिलेटरवर पाय दाबला.

ट्रक शेपटीसमोरून गेला, तोंडासमोरून गेला आणि अर्ध्या मिनिटात देवळापुढं जाऊन उभा राहिला. चढावर फक्त धूळ राहिली. देवळाला कुलूप होतं. गुरव अंघोळीला गेला होता, देवी यायला अजून दोन तास होते त्याच्या हिशेबानं. देवळापुढं ट्रकात आप्पासो, मयूरी आणि देवी, एवढीच मंडळी. देवीच्याही चेहऱ्यावर जरा गोंधळल्यासारखं दिसतंय, असं आप्पासोंना वाटून गेलं.

बऱ्याच वेळानं गाव धापा टाकत वर आलं. आप्पासो हारासाठी मान पुढं करून उभे होते. हार कुणीच घातला नाही.

"आप्पासो, देवी कुठं हाय?" नाथाजींनी विचारलं.

"ही काय!"

"आली कशी?"

"गाडीनं."

"ढकलली कुणी?"

"कुणीच न्हाई!" आप्पासो अभिमानानं म्हणाले.

"मग आली न्हाई," नाथाजी म्हणाले.

आप्पासोंना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं.

"माझ्या बापापासनं उजवा मडगार्ड आमचा हाय," नाथाजींचा आवाज चढला. "डावा चांदसाबाच्या घरचा. फळी भाऊसोची. तुमी एका सालात समद्यांचा मान काढून घेतलासा? कुणाला इचारून?"

"आन ह्यो धोंडा मी आता कुठं ठिवू?" कोंडीबा पोटाशी धोंडा धरून उभे होते.

आप्पासो आशेनं भाऊसोंकडं वळले. "भाऊसो, तुमी तर ट्रॅक्टर बसवणार हुतासा!"

"त्ये बोलायचं असतंय, करायचं असतंय व्हय!" भाऊसो कळवळून म्हणाले. "ट्रॅक्टर बंदच पडत न्हाई मेला! मग मी फळी कशाची ढकलू?"

पंचांनी तिथंच डोकी एकत्र केली. गाडी माघारी घ्यायची आणि रीतसर बंद पाडून वर आणायची. न्हाईतर औंदापासनं पालखी खांद्यावर. ट्रक जाऊ दे भंगारात. 'भंगार' हा शब्द ऐकून आप्पासोंनी निमूट रिव्हर्स टाकला.

मारुतीच्या शेपटीसमोर येऊन त्यांनी चावी बंद केली. सगळे पुढं झाले. कोंडीबा मात्र जागचे हलले नाहीत.

"ही बंद केली," ते म्हणाले. "बंद पडली न्हाई."

मंडळी थबकली. मुद्दा बिनतोड होता. बंद करणारा माणूस असतो, बंद पाडते ती देवी; आणि बेचाळीस वर्षांत माणसानं मध्ये हात घातला नव्हता. आप्पासोंनी इंजिन पुन्हा चालू केलं आणि ते हताश होऊन बसले. इंजिन काही केल्या बंद पडेना. चढाकडं नाक करून मजेत घुरघुरत राहिलं.

"कार्बोरेटर असता तर ही येळ आली नसती," चांदसाहेब हळूच म्हणाले. मग खिडकीतून वाकून मयूरीच्या कानात काहीतरी बोलले. मयूरी हसली.

"आप्पा, जरा मारुतीला हात जोडा बघू. डोळे मिटून."

आप्पासोंनी हात जोडले. बाहेर सगळ्या गावानंही जोडले आणि डोळे घट्ट मिटले. सीटखाली डब्याचं झाकण खडखडलं. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि निवांत झाली.

"धोंडाईच्या नावानं चांगभलं!"

काय तो जल्लोष! गुलालात मडगार्ड दिसेनासे झाले. आप्पासोंनी स्टिअरिंग मयूरीच्या हातात दिलं आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते मागं आले. पाहतात तर हात टेकायला इंचभर जागा नाही. प्रत्येक बोटभर पत्र्याला एकेक घराणं चिकटलेलं.

भाऊसो थोडे सरकले. "या, फळी रुंद हाय."

कुणाचाही बाप धक्का मारणार नव्हता; मयूरीचा बाप फळीला खांदा लावून "हुप्प" म्हणत होता. टपावर कर्णे गर्जत होते, दिवे झगमगत होते, चाकामागं कोंडीबांचा धोंडा पडत होता. अडीच तासांनी देवी रीतसर देवळात पोचली आणि गुरव अंघोळ करून, कुलूप उघडून वेळेवर हजर होता.

पंगत बसली. आप्पासोंना मात्र दम नव्हता. देवीचा मान झाला, आता मशीनचा मान झाला पाहिजे. मयूरीनं डब्यातली वायर पुन्हा जोडली. आप्पासो सीटवर चढले आणि पंगतीकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "आता बगा मंडळी, घरला कशी वाऱ्यागत जाती!" आणि त्यांनी चावी फिरवली.

टिक्.

पुन्हा फिरवली. टिक्. टपावरचे दिवे एकदा लालसर झाले आणि विझले. कर्ण्यातली सनई जड आवाजात रडत रडत थांबली.

हातातला घास टाकून नाथाजी बाह्या सारत उठले. "ढकलू या की!"

"काका, ही ढकलून चालू होत नाही," मयूरी म्हणाली.

आप्पासो खाली उतरले. पंगतीच्या कडेनं चालत भाऊसोंच्या पानाशी आले, उकिडवे बसले, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "भाऊसो, सावकाश जेवा. जेवण झाल्यावर... त्ये दोरखंड हाय का अजून घरात?"